बदलीचं बटण

बारामतीत मावशीच्या घरी दिवस स्टोव्हनं सुरू व्हायचा. आधी पिनेची खुडबूड, मग पंपाचे चार दट्टे, मग तो भसाभसा आवाज, आणि त्या आवाजावरून मावशीची हाक, "सुजे, ऊठ, कालेज चुकंल." घर एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. स्टँडवरचा कर्णा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, त्यामुळे घड्याळ बघायची कुणाला सवयच नव्हती. फलटण गाडी लागली की दूध तापवायचं, चारची इंदापूर पुकारली की चहा टाकायचा. काका एसटीत कंडक्टर, पण बहुतेक मुक्कामी गाड्यांवर, म्हणजे घरात कमीच. मावशीचा मिलिंद माझ्याच वयाचा, माझ्याच वर्षाला, फक्त तुकडी वेगळी. मी अकरावी सायन्सला राहायला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि तात्यांनी स्वतःच्या अक्षरात नाव घातलेल्या सहा वह्या होत्या. तात्या म्हणजे माझे वडील. शेळगावला शाळेत मास्तर. आमच्या आळीतली सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि हे ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे. "पोरगी इंजिनेर करायचीय," म्हणायचे, आणि समोरच्यानं "व्हय का?" म्हणेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. मला लाज वाटायची. आज कुणी माझ्याबद्दल असं सांगावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

मावशीला सही येत होती, बाकी लिहिणं नाही. शेळगावला पोस्टकार्ड धाडायचं झालं की ती भाकरी थापता थापता सांगायची आणि मिलिंद लिहायचा. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण मिलिंदचं अक्षर म्हणजे ओळीवर न बसता खाली लोंबणारं, पोस्टमनला शिव्या घालायला लावणारं. मी वळणदार लिहायची. "सुजी बरी हाय, खाती-पिती, अभ्यास करती," असं माझ्याबद्दल माझ्याच हातानं लिहिताना मला हसू फुटायचं. रविवारी सकाळी विहारातल्या वंदनेचा आवाज यायचा, आणि पळसदेवकडची एक बाई दारावर चिलापी मासे घेऊन यायची, उजनीच्या पाण्यातली. मावशी कालवण करायची, खोबरं भाजून, लसूण सढळ. मधला जाड तुकडा काकांचा, काका नसले तर मिलिंदचा. मला शेपटीकडचा मिळायचा आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. पाहुण्याचं घर ते.

आमच्या गल्लीच्या तोंडाला बबनरावांचा गाळा होता. बबनरावांची बागायत होती, टोमॅटो, ढोबळी, काकडी. पण रोज आडतीवर माल न्यायचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून शेती भावावर टाकून त्यांनी पुण्याहून टेंपोत घालून व्हिडिओ गेमची तीन मशीनं आणली. आधी तिथं खताचं दुकान होतं आणि तो वास काही गेला नव्हता. युरियाच्या वासात पोरं परदेशी पैलवानांच्या मारामाऱ्या करत. मिलिंद मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेला तो मी जर्नल विकत घ्यायला निघाले होते तेव्हा. "दोन मिनिटं," म्हणाला. आत अंधार, पोरांची गर्दी. बबनराव म्हणाले, "ताई, हितं पोरी येत न्हाईत, पर आलाच हाय तर त्या खुर्चीवर बसा." मी बसले. दोन मिनिटांचा तास झाला. मी कुणाला न सांगता त्या पडद्यावरचं सगळं मनात मांडत बसले होते, आणि उठले तेव्हा मला कळलं होतं की मिलिंद का हरतो.

ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या गेममध्ये एकट्यानं लढायचं नसे, दोन गडी निवडायचे. एक आत लढणार, एक बाहेर उभा राहणार. वर दोघांच्या ताकदीच्या दोन पट्ट्या. मार बसला की हिरवी पट्टी लाल होई, आणि गडी बाहेर पडून दम खाऊ लागला की ती लाली हळूहळू पुन्हा हिरवी होत येई. दोघांतला एक जरी आडवा झाला तरी डाव गेला, दुसरा कितीही ताजातवाना असो. म्हणून दमलेल्याला वेळेवर बाहेर काढायचं, एवढंच त्या खेळाचं मर्म. त्यासाठी एक वेगळं बटण होतं, बाकीच्यांपेक्षा बारकं, रंग उडालेलं. आम्ही त्याला बदलीचं बटण म्हणायचो. आता जोडीनं खेळायचं तर मशीनच्या एका बाजूला दांडा एकच. मग बबनरावांच्या गाळ्यात पोरांनी एक रीत पाडली होती. ज्याचा गडी आत, त्याच्या हातात दांडा आणि मारायची बटणं. ज्याचा गडी बाहेर, त्याच्या बोटाखाली फक्त बदलीचं बटण. म्हणजे आत मार खाणाऱ्याला स्वतःहून सुटता यायचं नाही, बाहेरच्यानंच त्याला काढायचं. आणि बटण दाबण्याआधी कोपर लावायचं. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नसे. कोपर लागलं की दांडा सोडायचा, अर्धं पाऊल बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं. कोपर न लावता कुणी दाबलं, किंवा लावायचं तेव्हा लावलं नाही, तर त्याच्याशी पुन्हा कुणी जोडी करत नसे. आमच्या शाळेतसुद्धा इतके कडक नियम नव्हते.

मिलिंद हरायचा तो घाई करायचा म्हणून. बदली होताना एक क्षण असा जातो की आतला पाठ फिरवतो, बाहेरचा उडी मारून येतो, आणि तेवढ्यात दोघांतल्या कुणालाच मार अडवता येत नाही. समोरचा हुशार असला तर नेमका तिथं हाणतो. पोरं घाबरून बदली करायची आणि आत येणारा आल्या आल्या मार खायचा. मी म्हटलं, आधी समोरच्याला पाड, तो उठेपर्यंत मनात एक-दोन म्हण, आणि मग बदल. मिलिंदनं ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जिंकला. मग मला खुर्चीवर कोण बसू देतंय. त्याचा गडी एक दांडगा पैलवान, माझा एक पांढऱ्या मिशांचा काटकुळा म्हातारा, पोरं त्याला आबा म्हणायची. "आबा आला, आबा आला," असं ओरडायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी आम्ही सांगायचो, रविवारी दोन ते पाच जादा तास असतो. मी काही धुतल्या तांदळाची नव्हते. तात्यांनी घातलेल्या नावाच्या वह्या काखेत मारून मी खोटं बोलून तिथं जात होते, आणि मला त्या वर्षाइतकं सुख पुढे फार वेळा झालेलं नाही, हेही खरं.

गाळ्याच्या भिंतीवर बबनरावांनी एक पत्रा लावला होता. सगळ्यांना हरवणाऱ्या जोडीची नावं त्यावर रंगानं लिहायची. वर्षभर तिथं वालचंदनगरच्या कॉलनीतल्या दोन सख्ख्या भावांची नावं होती. इस्त्रीचे शर्ट, पायात बूट, "आम्ही खेळू शकतो का?" असं शुद्ध बोलायचे. त्यांच्या घरी टीव्हीला लावायची गेम होती असं म्हणत. मिलिंदला त्या पत्र्यानं वेड लावलं होतं. जेवताना, दात घासताना, त्याच्या तोंडी तेच. "सुजे, तुझं नाव आधी लिवू, माझं मागनं, पर लिवू." एका रविवारी दुपारी दोनला, पाच डावांचा सामना ठरला.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मिलिंदचे चाचणीचे मार्क आले. फिजिक्समध्ये तो पार झोपला होता. घरात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, मी लायब्ररीत होते. बुधवारी मी भाजी घेऊन आले तर मावशी पिठाच्या हातानं बसलेली आणि मिलिंद पाटावर पोस्टकार्ड ठेवून लिहीत होता. मला बघून त्यानं ते वहीखाली सरकवलं. मी म्हटलं, "अरे, मी लिहिलं असतं की." मावशी म्हणाली, "असू दे गं, तुला अभ्यास असतो." मला तर बरंच वाटलं. आपल्याला काम नको म्हणून दोघांनी काळजी घेतली, असं मी समजले. पुढचे तीन दिवस मिलिंद माझ्याशी नेहमीसारखाच होता. नेहमीपेक्षा गोडच म्हणा. रोज कॉलेज सुटलं की अर्धा तास सराव, कोपर लाव, बाजूला हो, कोपर लाव, बाजूला हो. माझ्या डाव्या कोपराला त्याच्या उजव्याची इतकी सवय झाली की मी पडद्यावरून नजर काढतच नव्हते.

रविवारी चिलापीचं कालवण होतं. काका घरी होते, तरी मावशीनं मधला तुकडा माझ्या ताटात वाढला. मी म्हटलं, "मावशे, काकांचा हाय तो." ती म्हणाली, "खा गुमान," आणि माझ्याकडे न बघता कुणाच्या तरी लग्नाचं काहीतरी बोलायला लागली. मी खाल्ला. चवीनं खाल्ला, काटे चोखून.

दोन वाजता आम्ही गाळ्यात, ते दोघे भाऊ हजर, चाळीसभर पोरं, आणि लाईट गेली. सगळे कंटाळून बाहेर ओट्यावर बसले. बबनरावांनी काकड्या कापून मीठ लावून वाटल्या. सगळे हसत होते, फक्त मिलिंद दर पाच मिनिटांनी कुणाचं तरी मनगट ओढून घड्याळ बघत होता. "आज राहू दे का? परत कवातरी खेळू," असं एकदा म्हणाला. मग लगेच, "न्हाय न्हाय, थांबू." मी त्याला चिडवलं, पोटात गोळा आला का म्हणून. साडेतीन वाजून गेले आणि लाईट आली. पहिला डाव त्यांचा. दुसरा आमचा, तिसरा आमचा, चौथा त्यांचा. पाचव्या डावाला मिलिंदचा पैलवान आधी आत होता. मार खाऊन त्याची पट्टी लालेलाल झाली. मी समोरच्याला पडू दिलं, एक-दोन म्हटलं, कोपर लावलं, बटण दाबलं. तो बाजूला झाला, मी आत. गाळा गरजत होता. आबा असा लढला म्हणता! मी त्यांच्या मोठ्या गड्याची पट्टी बोटभर उरवली, पण माझीही तेवढीच उरली होती. बाहेर पैलवान आता ताजा झाला होता. मी समोरच्याला वर उडवलं, तो धाडकन खाली पडला. हीच वेळ. एक, दोन. कोपर लागलं नाही. मी वाट बघितली. तो उठायला लागला. मी डोळे पडद्यावरच ठेवून माझं डावं कोपर त्याच्याकडे ढकललं, की अरे दाब. ते हवेत गेलं. शेजारी कुणी नव्हतं. आबाच्या छातीत लाथ बसली आणि तो सावकाश मागे पडला.

मी वळून बघितलं. बाहेर कर्ण्यावर चारची इंदापूर गाडी पुकारत होते. दारात तात्या उभे होते, पांढरी टोपी, हातात शेंगांची पिशवी, आणि त्यांच्या शेजारी मिलिंद. घरून आत्ताच आल्यासारखा उभा. तो म्हणत होता, "तात्या, मी हिला कवाचा म्हणतोय, चल घरी. ऐकतच न्हाय." चाळीस पोरांना माहीत होतं तो आत्तापर्यंत कुठं उभा होता. एकही बोललं नाही. बबनराव म्हणाले, "मास्तर, पोरगी सालस हाय तुमची." मी काहीच बोलले नाही. आज मला स्वतःचाच राग येतो तो याचा. माझा हात अजून दांड्यावर होता आणि मी वाट बघत होते, की मिलिंद आता खरं सांगेल. आत मी होते ना. बाहेरच्यानं काढायचं, ही रीत. मी मूर्खासारखी रीत पाळत उभी राहिले. तात्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ट्रंक भर," म्हणाले. माझ्या आयुष्यात ते माझ्यावर इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते.

साडेपाचच्या गाडीत आम्ही दोघं. ट्रंक पायाशी. लासुर्ण्यापर्यंत त्यांनी शेजारी बसलेल्या माणसाला माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. मी म्हटलं, "तात्या, आम्ही दोघं जायचो." ते म्हणाले, "मी डोळ्यांनी कुणाला बघितलं?" मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पोस्टकार्ड काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच." अक्षर ओळींखाली लोंबणारं. वर मावशीचं बोलणं होतं, मला तिचा आवाज ऐकू येत होता, की दाजी, राग मानू नका, सुजी कालेज सोडून गेमच्या दुकानात बसती, मिलिंद तिला रोज आणाय जातो, त्यापायी त्याचा अभ्यास बुडाला. तिथवर मावशी. तिच्या गळ्याची शपथ घेऊन त्यानं तिला हे पटवलं होतं, हे तिनंच मला पुढे कितीतरी वर्षांनी रडत सांगितलं. पण शेवटी, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मावशीनं सांगितलेली नव्हती. "तात्या, रविवारी चार वाजता या, त्या टायमाला ती हमखास तिथं असते." मी ती ओळ अंथुर्ण्यापर्यंत वाचत होते. सामना दोनचा होता. लाईट गेली नसती तर अडीचला संपला असता, दोघांची नावं पत्र्यावर लागली असती, आणि मग तो "तू खेळ, मी आलोच" म्हणून निघून गेला असता. त्याला सामना पण हवा होता. बुधवारी हे लिहून, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तो माझ्या शेजारी उभा राहून कोपर लावत होता. माझं डोकं फिरलं ते सायन्स सुटलं म्हणून नव्हे, ते नंतर कळलं. ते या तीन दिवसांमुळे फिरलं. तात्यांनी कार्ड परत मागितलं नाही.

पुढे इंदापूरला आर्ट्सला नाव घातलं, मग डी. एड., मग नोकरी. वाईट काही झालं नाही. पळसदेवच्या शाळेत मी अठरा वर्षं काढली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरून बुडालेलं देऊळ वर आलं की पोरांना तिथं न्यायची, पोरं मला आवडतात, मी त्यांना गणित बरं शिकवते. तात्या मला नोकरी लागल्यावर खूश झाले, पण गाडीतल्या लोकांना माझ्याबद्दल सांगणं त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. मिलिंदशी माझं भांडण कधी झालं नाही. राखी, लग्नं, बारशी, सगळीकडे भेट होते, तो मला "सुजाक्का" म्हणतो, माझ्या दुखण्याला दवाखान्यात बसलेला आहे. त्या दिवसाबद्दल त्यानं कधी विषय काढला नाही, आणि मला ते पत्र दाखवलं गेलं असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नसावं. मी पण बोलले नाही. कार्ड ट्रंकेत आहे.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या लेकीला, यशूला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून बारामतीला त्याच्या नव्या घरी जेवण होतं. सोफ्यावर आम्ही दोघं शेजारी, यशू समोर मांडी घालून. पेढ्यांवर पेढे. मिलिंदला उत्साह आला. "यशू, तुझी आत्या साधीसुधी न्हाय," म्हणाला, "कालेजात आमी दोघं गेम खेळायचो. आख्ख्या बारामतीत आमच्यापुढं कुणी टिकत नव्हतं. हिला मीच शिकवलं." आणि बोलता बोलता त्यानं हसत माझ्या कोपराला कोपर लावलं, जसं लावायचा तसंच. यशू म्हणाली, "मग जिंकलात का?" तो म्हणाला, "शेवटच्या डावाला लाईट गेली बघ, न्हायतर नाव लागलं असतं पत्र्यावर."

मी हातातला पेढा ताटलीत ठेवला. यशूकडे बघून म्हटलं, "लाईट आली होती, बाळा. पण तुझ्या पप्पांनी आमच्या तात्यांना चारचा टाईम दिला होता, आणि चार वाजले." यशूला काही कळलं नाही, ती दोघांकडे बघत राहिली. मिलिंदचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मी म्हटलं, "कार्ड तात्यांनी मला गाडीतच वाचायला दिलं होतं रे."

आतून कुणीतरी पानं वाढल्याचं सांगितलं. मिलिंदनं माझ्या कोपराला टेकलेलं आपलं कोपर हळूच काढून घेतलं.